सुताराचें झोंपडें आणि आमचें बाक

प्रवासांतून काय आणावें, याविषयीं विद्यार्थी व पालक यांची समजूत बहुधा एकच असते: छायाचित्रें, खाऊ आणि फार तर एखादें खेळणें. आमच्या मतें प्रवासांतून एखादा प्रश्न आणावा, आणि तो स्वतःच्या हातांनीं सोडवून पाहावा.

आपल्या छत्रपती संभाजीनगराहून वेरूळ सुमारें ३० किलोमीटर. तेथील १० व्या क्रमांकाचें बौद्ध लेणें लोकांत ‘सुताराचें झोंपडें’ या नांवानें प्रसिद्ध आहे. आंत स्तूप, त्यापुढें बसलेली बुद्धमूर्ति, आणि वर छताला ओळीनें दगडी फासळ्या. लाकडी इमारतींत अशा कमानी छपराचा भार पेलीत. कार्ल्याच्या चैत्यगृहांत तर लाकडी कमानी अद्यापि दिसतात. वेरूळच्या कारागिरांनीं तेंच रूप पाषाणांत कोरलें. तेथें त्या फासळ्या कांहींच पेलीत नाहींत. ती केवळ सुताराच्या विद्येची आठवण आहे.

हें पाहून आल्यावर नववीच्या विद्यार्थ्यांनीं व्हरांड्यासाठीं कमानदार पाठीचें सागवानी बाक करण्याचें ठरविलें. रेखाटन आम्हींच केलें, आणि त्याचा आम्हांस अभिमानहि वाटला. एका रुंद फळींतून कमान कापावी, असा आमचा बेत. वर्गांतील एक अबोल मुलगा हळूच म्हणाला, “सर, टोंकांशीं लाकूड आडवें येतें, मोडेल.” आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. बाक तयार झालें, दोघे टेकून बसले, आणि कमान दोन्ही टोंकांशीं कडकन् मोडली!

कारण सरळ आहे. लाकडाचे तंतु एका दिशेनें जातात. त्या दिशेनें लाकूड बळकट, आडव्या दिशेनें अशक्त. सरळ फळींतून कमान कापली म्हणजे तिच्या टोंकांशीं तंतु तोकडे पडतात. पाषाणास ही अडचण नाहीं. लाकडाची नक्कल दगडांत साधली. तीच दगडावरून पुन्हां लाकडांत उतरवूं जातां आम्ही फसलों.

दुसऱ्या खेपेस त्या मुलाच्या सांगण्यावरून सागाच्या पातळ पट्ट्या सरस लावून एकावर एक ठेविल्या, साच्यावर वांकवून शिकंज्यांत आवळल्या व पुरत्या वाळूं दिल्या. आतां तंतुहि कमानीबरोबर वळले. तें बाक आज व्हरांड्यांत आहे.

त्या मुलाचे वडील सुतार आहेत. तीन वर्षें तो आमच्या शाळेंत आहे, परंतु ही गोष्ट त्यानें कोणास सांगितली नव्हती. ज्या शाळेंत रोजच्या प्रार्थनेंत नासरेथच्या सुताराचें नांव घेतलें जातें, तेथेंच एका मुलास बापाचा धंदा लपवावासा वाटावा, यांत दोष त्याचा नव्हे, आमचा आहे.

कांहीं पालक विचारतात, “रंधा मारावयास मुलांना शाळेंत धाडलें काय?” त्यांस आमचें नम्र उत्तर असें: मुलगा सुतार व्हावा असा आमचा हट्ट नाहीं, परंतु जें ज्ञान आम्हां पदवीधरांस पुस्तकांतून मिळालें नाहीं, तें त्या सुताराच्या हातांत होतें व त्याच्या मुलाच्या जिभेवर आलें होतें. म्हणून आठवड्यांतून निदान दोन तास सुतारकामास द्यावे, आणि शिकविण्यास सुतारासच मानानें बोलवावें.

विद्यार्थिमित्रांनो, पुढील सहलीस मोजपट्टी व वही बरोबर न्या. आणि आमच्या बाकावर अवश्य बसा; पहिली मोडकी कमान आम्हीं त्याच्याच वरच्या भिंतीवर टांगून ठेविली आहे.