कामाचा नकाशा

आमच्या एका वाचकांनीं विचारलें आहे कीं, त्यांचा पिढीजात मसाल्यांचा धंदा आतां बराच वाढला असून, मागणी येण्यापासून पैसे वसूल होईपर्यंतच्या कामाचा नकाशा काढून त्यावर देखरेख ठेवणारें सॉफ्टवेअर कोणतें घ्यावें? पत्राच्या अखेरीस त्यांनीं सहज लिहिलें आहे कीं, तीस वर्षांचे जुने हिशेबनीस येत्या वर्षीं निवृत्त होत आहेत. आमच्या मतें खरा प्रश्न या शेवटच्या ओळींत आहे. कोणत्या व्यापाऱ्यास किती उधारी द्यावी, माल कमी पडल्यास आधीं कोणास कळवावें, हें सारें त्या एका गृहस्थांच्या डोक्यांत आहे. तें कागदावर उतरलें नाहीं, तर आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

म्हणून प्रथम एकच मागणी घ्यावी आणि ती ज्या ज्या हातांतून जाते तेथें तेथें पेन्सिल घेऊन जावें. नियम काय आहे तें न लिहितां, घडतें काय तें लिहावें. वैयाकरण भाषा निर्माण करीत नाहीं, लोकांच्या मुखीं असलेली नोंदून घेतो, येथेंही तसेंच. ही युक्ति नवी नव्हे. फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्यानें १९२१ सालींच यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढें असे तक्ते मांडले होते.

चिन्हें मात्र मनास येतील तीं वापरूं नयेत. बीपीएमएन नांवाची चिन्हपद्धति यासाठींच आहे. तींत वर्तुळ म्हणजे आरंभ किंवा अखेर, गोलसर कोपऱ्यांची चौकट म्हणजे काम, आणि शंकरपाळीच्या आकाराची आकृति म्हणजे जेथें वाट फुटते तें स्थान. प्रत्येक माणसास वा खात्यास स्वतंत्र पट्टा. २०११ च्या आवृत्तींत आकृति साठविण्याची सर्वमान्य रीतिही ठरली व २०१३ सालीं ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. त्यामुळें एका सॉफ्टवेअरमधील नकाशा दुसऱ्यांत नेतां येतो, निदान यावा. सगळेच विक्रेते ‘आमचेंही बीपीएमएनच’ म्हणतात. त्यांच्या देखतच फाइल बाहेर काढून ती कामुंडा मॉडेलर या मोफत साधनांत उघडून पाहावी. उघडली नाहीं, तर आपल्या घरचें शहाणपण परक्याच्या कोठारांत कुलुपबंद झालें म्हणून समजावें.

नकाशा नुसता काढणारें सॉफ्टवेअर वेगळें आणि त्याबरहुकूम काम एकाकडून दुसऱ्याकडे धाडणारें वेगळें. दुसऱ्या प्रकारांत पुष्कळदां माणशीं दरमहा आकार पडतो. तो भरण्याची घाई आमच्या वाचकांनीं करूं नये. कामांचीं नांवें देवनागरींत नीट उमटतात कीं नाहीं, हें मात्र आजच पाहावें, कारण नकाशा वाचावयाचा आहे तो पुड्या भरणाऱ्या बायांनीं.

हिशेबनीसांस शेजारीं बसवून प्रत्येक शंकरपाळीपाशीं ‘इकडे केव्हां, तिकडे केव्हां?’ असें विचारावें. मग ते खुर्चीवर असतांनाच एखाद्या नवख्या मुलास महिनाभर केवळ नकाशा पाहून मागण्या पुरवूं द्याव्या, आणि तो कोठें अडतो तें टिपून ठेवावें.