ऐतिहासिक कादंबरीचे वाचन

दिवेलागण झाली, आईने जेवायला दोनदा हाक मारली, तरी ओटीवर बसलेला मुलगा पुस्तकातून मान वर काढीत नाही. असे झाले की समजावे, त्याच्या हाती एखादी ऐतिहासिक कादंबरी लागली आहे! काही वडीलधाऱ्यांना हे रुचत नाही. कल्पित गोष्टीत वेळ दवडण्यापेक्षा मुलांनी खरा इतिहास वाचावा, असे त्यांचे म्हणणे असते. त्यात तथ्य आहे. परंतु ते अर्धेच आहे.

मराठीत या कादंबरीची परंपरा जुनी आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ १८७१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’ अशा कादंबऱ्या लिहून हे दालन समृद्ध केले. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे यांनी रात्रीच्या अंधारात कोंढाणा जिंकला, हे इतिहास सांगतो. पण त्या रात्री कड्याखाली उभ्या असलेल्या मावळ्याच्या मनात काय चालले होते, घरच्या माणसांची आठवण त्याला झाली असेल काय, हे कोणत्याही कागदात लिहिलेले नसते. ते जाणण्यासाठी कल्पनेचीच कास धरावी लागते. इतिहासाच्या सांगाड्यात कादंबरीकार प्राण फुंकतो, तो असा.

तथापि कल्पनेलाच इतिहास मानणे ही मोठी चूक होय. आपट्यांच्या कादंबरीतील उदयभानू हा किल्लेदार इतिहासातही भेटतो; कमलकुमारीची कहाणी मात्र सभासदाच्या बखरीत सापडत नाही. घोरपडीच्या साहाय्याने कडा चढल्याची गोष्ट पोवाड्याने घरोघर पोहोचविली. बखरीत मावळे आपल्याच हातापायांच्या बळावर वर जातात. आता विचार करावा, यांपैकी कोणती गोष्ट अधिक शौर्याची? काळोखात बोटांनी खडक चाचपीत वर जाणारा माणूस घोरपडीच्या आधाराने चढणाऱ्यापेक्षा थोर नव्हे काय? सत्य शोधल्याने गोष्टीची गोडी कमी होते, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण पुरेसे आहे.

तो कडा किती कठीण आहे, हे एका कादंबरीकाराने स्वतः अनुभवले होते. नाथमाधव (१८८२–१९२८) तरुणपणी शिकारीसाठी सिंहगडावर गेले असता कोसळले आणि त्यांचा कमरेखालचा भाग कायमचा लुळा पडला. चालणे संपले, पण त्यांनी लेखणी हाती धरली. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’ यांसारख्या कादंबऱ्या लिहून त्यांनी असंख्य मुलांना गडकोटांची वाट दाखविली. त्या वाटेवर ज्याला स्वतःला पुन्हा पाऊल टाकता येत नव्हते, त्याने ही वाट दाखवावी, हाही एक पराक्रमच नव्हे काय?

म्हणून मुलांनी ऐतिहासिक कादंबऱ्या अवश्य वाचाव्यात, अगदी तहानभूक विसरून वाचाव्यात. मात्र शेवटचे पान मिटताना एक प्रश्न मनाशी अवश्य विचारावा : ‘हे खरोखर असेच घडले काय?’ हा प्रश्न ज्याच्या मनात उठला, तो उत्तरासाठी बखरीकडे आणि जुन्या पत्रांकडे वळेल; सुटीत गडाची चढणही चढून पाहील. कादंबरीने त्याला इतिहासाच्या दारापर्यंत आणून सोडले, यातच तिचे सार्थक आहे. दार उघडून आत जाणे हे वाचकाचे काम होय.