हिरकणीच्या वाटेवरचा बुरुज

बाळंतीण घरी आली की आपल्या सगळ्या समाजाला वैद्यक येऊ लागतं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, खसखस, शतावरी. कान बांध, गार पाणी पिऊ नकोस, पंख्याखाली बसू नकोस. शेजारच्या काकूंपासून चुलतसासऱ्यांपर्यंत प्रत्येकाला तिच्या दुधाबद्दल मत असतं. 'दूध पुरतंय ना?' हे बारशाला आलेला लांबचा पाहुणाही विचारून जातो. रजा संपते त्या सकाळी ही सगळी मंडळी कुठे जातात? डोंबिवलीच्या फलाटावर ती एकटीच उभी असते, आणि त्याच दुधाचं आता दिवसभर काय करायचं याबद्दल कोणालाही मत नसतं.

ठाणे, डोंबिवली, कल्याणहून मुंबईला नोकरीला जाणारी बाई अकरा-बारा तास घराबाहेर असते. दूध या वेळापत्रकाला जुमानत नाही. ते जितकं काढलं जातं तितकं बनतं. काढलं नाही तर तीन-चार तासांत छाती दगडासारखी होते, ब्लाउज भिजतो, गाठी येतात, कधी स्तनाला सूज येऊन हुडहुडी भरून ताप येतो. असं काही दिवस चाललं की शरीर दूध बनवणंच कमी करतं. मग तीच वैद्यमंडळी परत येतात आणि म्हणतात, हल्लीच्या मुलींना दूधच येत नाही.

यावर उपाय आहे आणि तो काही कालपरवाचा नाही. १८५४ साली आगगाडी कल्याणला पोचली, त्याच साली अमेरिकेत दूध काढण्याच्या पंपाचं पेटंट नोंदवलं गेलं. विजेवरचा पंप एडवर्ड लास्कर या बुद्धिबळपटू अभियंत्याने १९२० च्या दशकात बनवला. आज तो तळहाताएवढा झाला आहे, मोबाईलसारखा चार्ज होतो, पर्समध्ये मावतो. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. काढलेलं दूध पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, बर्फाच्या पाकिटांसह थंड पिशवीत चोवीस तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस राहतं. म्हणजे यंत्राने त्याच्याकडून होईल तेवढं केलं. उरलं ते माणसांनी करायचं होतं: एक खुर्ची, आतून लागणारी कडी, एक प्लग, हात धुवायला बेसिन.

एवढंच आपल्याला जमलेलं नाही. टोलेजंग काचेच्या कार्यालयांत धूम्रपानाला कोपरा असतो, पाहुण्यांना कॉफीचं यंत्र असतं, टेबल टेनिसही असतं. दूध काढायला मात्र संडास. ज्या जागी आपण स्वतःचा डबा उघडणार नाही, तिथे कमोडच्या झाकणावर बसून एका तान्ह्या जिवाचं जेवण तयार करायचं. बाहेरून कोणी कडी वाजवली की घाई करायची. त्यात गंमत अशी की घाईने, भीतीने पान्हा नीट सुटतही नाही. त्यासाठी शरीराला स्वस्थता लागते. परत जागेवर आली की एखादा सहकारी हसत विचारतो, 'इतका वेळ?'

कायदा काय करतो म्हणाल, तर तो बाळ शेजारच्या खोलीत आहे असं धरून चालतो. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन सुट्ट्या स्तनपानासाठी दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा बारावरून सव्वीस आठवडे केली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. चांगलं केलं. पण सकाळच्या कल्याण लोकलमध्ये, जिथे धडधाकट बाईला पाय टेकायला जागा नसते, तिथे सहा महिन्यांचं बाळ घेऊन चढा आणि मग ते पाळणाघरात ठेवा, हे कोणी कोणाला सांगायचं? बाळ डोंबिवलीत, आई वांद्र्यात. या दोन सुट्ट्यांत पंप सोडून दुसरं काय होऊ शकतं? तरी पंपाला लागणाऱ्या बंद खोलीचा शब्द त्या कायद्यात नव्हता. सार्वजनिक इमारतींत स्तनपानासाठी जागा करा, हे केंद्राने आधीच राज्यांना कळवलं होतं. ते अमलात आणा, असं फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

अमेरिकेत अशा खोलीचा कायदा आहे आणि ती खोली संडास असता कामा नये असं त्यात लिहिलेलं आहे. त्या देशाच्या नावाने हुरळून जायचं कारण नाही. तिथे देशभर लागू असलेली पगारी बाळंतपणाची रजाच नाही, म्हणून तर बाईच्या हाती पंप देऊन तिला लवकर कामावर बोलावतात. उद्या आपल्याकडचा एखादा हुशार मालक म्हणेल, पंप आहे ना, मग सव्वीस आठवडे कशाला? सावध असलं पाहिजे.

ऑफिसला शिव्या देणं सोपं आहे. घरचं बघू. संध्याकाळी ती दुधाची पिशवी फ्रिजमध्ये ठेवते आणि घरात कुजबुज सुरू होते. शी, ते भाजीशेजारी ठेवलंस? मशीनने काढलेलं दूध बाळाला बाधेल. दुधात माया राहत नाही. नजर लागेल. ज्या घरात रोज सकाळी गोठ्यात यंत्राने काढलेलं म्हशीचं दूध प्लास्टिकच्या पिशवीतून येतं आणि सगळे त्याचा चहा पितात, त्या घरात ही शिसारी! वरचं पावडरचं दूध चालतं, आईचं वाटीतलं दूध चालत नाही. हा सोवळेपणा बाईच्या शरीराबद्दलचा आहे, दुधाबद्दलचा नाही.

आणि ही सगळी माणसं रोज शीव स्टेशनवरून जातात. तिथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ज्या बायका तिथे दूध देतात, त्यांत धारावीच्या झोपड्यांतून आलेल्या बाळंतिणी असतात. ते दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून, गोठवून, कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या परक्या मुलांना पाजलं जातं. पस्तीस वर्षांहून अधिक काळ हे चाललं आहे. शिकल्यासवरल्या घराला मात्र स्वतःच्या नातवासाठी स्वतःच्या सुनेचं दूध फ्रिजमध्ये बघवत नाही.

बापाबद्दल तर बोलायलाच हवं. 'मी काय करणार, दूध तर तिच्याकडेच आहे', ही पिढ्यान् पिढ्या चाललेली सबब या पंपाने काढून घेतली. रात्री दोन वाजता उठून वाटी-चमच्याने दूध पाजणं आता पुरुषालाही शक्य आहे. पंपाचे सुटे भाग दर वेळी धुवायचे, उकळायचे, वाळवायचे असतात; तेही पुरुषाला जमतं, त्याला पदवी लागत नाही. किती घरांत हे होतं? पंप ऑनलाइन मागवून दिला आणि त्याचे पैसे भरले, इथे बहुतेकांचं पितृत्व संपतं.

कल्याणची मुलगी आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाली आणि तिचं बाळ दहाव्या दिवशी गेलं. त्या दुःखातून ती अमेरिकेत गेली, १८८६ साली डॉक्टर झाली, बाळंतपणाच्या शास्त्रावर प्रबंध लिहिला. ती समुद्रापलीकडे निघाली तेव्हा आपल्याच लोकांनी तिला काय काय बोल लावले, हे सर्वांना ठाऊक आहे. आता तिच्यावर चित्रपट निघतात, शाळांत धडे असतात. मेलेल्या बाईचा गौरव करायला आपल्याला कधीच अडचण आली नाही.

हिरकणीचंही तसंच. कोजागिरीच्या संध्याकाळी रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल, म्हणून ती गवळण कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरुज बांधवला, असं सांगतात. गोष्ट सांगताना आपला ऊर भरून येतो. बुरुजाने ती वाट बंद झाली हे आपण सांगत नाही. गडाच्या रक्षणासाठी ते भागच होतं. खाली शत्रू होता. आपल्या कार्यालयांवर कोणता शत्रू चालून येतो आहे? तरी आपण तेच करतो: आईचं नाव देतो आणि वाट बुजवतो. एसटीच्या आगारांतून 'हिरकणी कक्ष' केले. नाव उत्तम. अशा एखाद्या कक्षापाशी जाऊन किल्ली कोणाकडे असते तेवढं विचारून पाहा.

एवढं लिहूनही मी अजून पंप परवडणाऱ्या बाईबद्दलच बोललो. ती कामाला गेली की तिचं बाळ सांभाळायला, भांडी घासायला जी येते, तिचं काय? ती नेतिवलीच्या, दिव्याच्या चाळीतून येते. तिला बाळंतपणाची पगारी रजा नाही. मातृत्व लाभाचा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागतो, तुमच्या-माझ्या स्वयंपाकघराला लागत नाही. पहिल्या बाळासाठी सरकारी योजनेतले पाच हजार रुपये, तेही कागद जुळले तर. दीड-दोन महिन्यांत ती कामावर येते, कारण आपणच निरोप पाठवतो, की येत नसशील तर दुसरी बघते. आपल्या सुनेच्या बाळाला मांडीवर घेते तेव्हा तिच्या स्वतःच्या छातीतून दूध झरत असतं. तिचं मूल चाळीत मोठ्या बहिणीकडे, साखरेच्या पाण्यावर. सुनेला ऑफिसात खोली मिळत नाही म्हणून आपण चिडतो, ते बरोबरच आहे. पण त्याच घरात दुपारी दार लावून बसायला रिकामी असलेली बेडरूम आपण या बाईला कधी देऊ केली? फ्रिजचा एक कप्पा? निदान बाळ घेऊन ये, इथेच पाज, एवढं वाक्य?

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत घरकामाच्या बायकांनी लिफ्ट वापरायची की नाही यावर तासभर चर्चा होते. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा एक विषय घाला: बाळंत झालेल्या मोलकरणीला सहा महिने पगारी रजा, प्रत्येक घराने आपापल्या वाट्याची. ठरावाला अनुमोदक कोण मिळतो ते बघू.