मटण सोडले, मासळी धरली

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मूर्तीमुळे 'शिरपूर जैन' म्हणून ओळखले जाते. मूर्ती भूमीला न टेकता अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी आपल्या 'विविधतीर्थकल्प' या ग्रंथात या तीर्थाची नोंद केली. तीर्थाची कथा पाण्याशी निगडित आहे. कुष्ठाने ग्रासलेल्या श्रीपाल राजाने (काही कथांत त्याचे नाव ईल असे येते) येथील जलाशयात हातपाय धुतले, त्याची व्याधी गेली आणि पुढे त्याच जलाशयातून ही मूर्ती वर आली, असे परंपरा सांगते.

या मूर्तीच्या पूजेची पद्धत कोणती असावी, यावरून दिगंबर आणि श्वेतांबर या दोन पंथांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून वाद चालत आला. तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९८१ पासून मंदिराला लागलेले कुलूप सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये निघाले आणि तेव्हाही तणाव टळला नाही. वादाची ही कहाणी काही अभिमानाने सांगण्याजोगी नाही. मात्र तिच्यातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शंभराहून अधिक वर्षे भांडलेल्या या दोन पंथांत मासा ताटात यावा की नाही, यावर कधी मतभेद झाला नाही. बकरा वर्ज्य आणि मासा क्षम्य, अशी पायरीच तिथे नाही.

शिरपूरचे स्मरण करण्याचे कारण म्हणजे अलीकडे शहरी मध्यमवर्गात बळावू लागलेली एक आहाररीती. मटण आणि कोंबडी सोडायची, मासे मात्र ठेवायचे. इंग्रजी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या हिला 'पेस्केटेरियन' आहार म्हणतात. कोणी डॉक्टरांच्या सल्ल्याने या वाटेला लागतो, कोणी पर्यावरणाच्या चिंतेने. त्यात गैर काही नाही. आपल्या ताटात काय असावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु मांस सोडून मासळी धरणारा हा गृहस्थ बहुधा एवढ्यावर थांबत नाही. आपण अहिंसेच्या दिशेने अर्धी वाट चाललो, जवळजवळ शाकाहारी झालो, अशी त्याची समजूत होते. ही समजूत तपासून पाहावी लागते.

जैन विचाराने जीवसृष्टीची मांडणी इंद्रियांच्या संख्येवर केली आहे. झाडे एकेंद्रिय, अळ्या व शिंपल्यातील जीव द्वींद्रिय, मुंगी त्रींद्रिय, माशी चतुरिंद्रिय. मासा मात्र पंचेंद्रिय, म्हणजे इंद्रियांच्या हिशेबात गाय, घोडा आणि मनुष्य यांच्याच रांगेत बसणारा. तो जलचर आहे, एवढाच काय तो भेद. तेव्हा अहिंसेच्या मोजपट्टीवर बकऱ्याकडून माशाकडे जाणे म्हणजे खालची पायरी गाठणे नव्हे.

उलट हिशेब वाढतोच. एका बोकडाचे दहा-बारा किलो मटण पडते आणि त्यात कितीतरी घरांचा रविवार साजरा होतो. बोंबलाच्या एका जेवणात घरटी दहा-पंधरा जीव जातात, आणि सुक्या जवळ्याच्या वाटीभर चटणीत किती गेले ते मोजायलाही कोणी बसत नाही. तिबेटी बौद्ध समाजाने हे गणित फार पूर्वी मांडले. त्या थंड, उजाड पठारावर मांसावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून एका याकवर अनेकांचे पोट भरावे आणि पुष्कळ जीव घेणारी मासळी टाळावी, असा संकेत तिथे रूढ झाला. आपला नवमत्स्याहारी नेमका याच्या उलट दिशेने चालतो आणि त्याला अहिंसा म्हणतो.

मासा हा जणू अर्धवटच जीव आहे, ही समजूत केवळ घराघरांत नाही, ती न्यायालयातही ऐकू आली. सप्टेंबर २०१५ मध्ये पर्युषणकाळात मुंबईत चार दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश निघाला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. मटणावर बंदी असताना मासळीवर का नाही, अशी साहजिक विचारणा झाली. त्यावर शासनाच्या वतीने सांगण्यात आले की, मासा पाण्याबाहेर काढताच मरतो, त्यामुळे तिथे कत्तलीचा प्रश्न येत नाही. युक्तिवाद कायद्याच्या परिभाषेत कदाचित टिकेल. पाण्याबाहेर तडफडणाऱ्या माशाला तो समजावून सांगणे कठीण. विज्ञानानेही यात संदिग्धता फारशी ठेवलेली नाही. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष व आम्ल टोचून पाहिले. मासे खाणे विसरले, एका बाजूस झुलू लागले आणि काहींनी आपले ओठ तळाच्या खड्यांवर घासले. वेदना जाणणारे मज्जातंतू माशाला असतात, हे त्या प्रयोगाने दाखवले.

याचा अर्थ मासे खाणाऱ्याला पापी ठरवावे, असा मुळीच नाही. या देशाच्या परंपरेत दोन्ही बाजूंना भरपूर आधार आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. मनुस्मृती एका श्लोकात मत्स्याहारी हा सर्वमांसभक्षी होय, असे बजावते आणि लगेच पुढच्या श्लोकात हव्यकव्यासाठी पाठीन आणि रोहित यांना सवलत देते. हा रोहित म्हणजे आजचा रोहू. महाभारताच्या शल्यपर्वात बारा वर्षांच्या दुष्काळाची कथा येते. ऋषी अन्नाच्या शोधात परागंदा झाले, तेव्हा सरस्वती नदीने आपला पुत्र सारस्वत याला मासे देऊन जगवले. वेद विसरलेल्या साठ हजार मुनींनी पुढे त्याच्याकडूनच ते पुन्हा शिकून घेतले. कोकण-गोव्यातील सारस्वत समाज आपल्या मत्स्याहाराचा संबंध या कथेशी जोडतो. बंगालचे ब्राह्मण मासे खातात, मिथिलेचे खातात, स्वामी विवेकानंद खात असत. ताटावरून धर्म मोजायचा झाला, तर मोजणाऱ्याचीच पंचाईत होईल.

फरक आहे तो या जुन्या मत्स्याहाराच्या शिस्तीत. कोकणातला किंवा गोव्यातला माणूस मासे खातो, पण त्यांना शाकाहार म्हणत नाही. त्याच्याकडे 'शिवराक' हा स्वतंत्र शब्द आहे आणि शिवराकाचे दिवसही ठरलेले आहेत. सोमवार, संकष्टी, श्रावण. मंगेशीला जायचे असेल त्या दिवशी हुमण शिजत नाही. कोळी नारळी पौर्णिमेला सागराची पूजा बांधून नव्या हंगामाचा नारळ वाहतो. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवण्याचा रिवाज सरकारने कायद्यात आणण्याच्या पुष्कळ आधीचा आहे. आज राज्यात १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हा काळ. खाण्याइतकेच न खाण्याचेही वेळापत्रक ज्याच्याकडे आहे, त्याच्या आहाराला संस्कृती म्हणता येते.

नव्या मत्स्याहाऱ्याकडे असे वेळापत्रक नाही. त्याला बारा महिने सुरमई हवी, पापलेट हवे, तेही काटे काढून, थर्माकोलच्या खोक्यात, घरपोच. शहरांच्या या मागणीचा भार किनाऱ्यावर पडतो. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन नौका यांच्यातील संघर्ष सिंधुदुर्ग-रत्नागिरीत वर्षानुवर्षे धुमसतो आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले, तरी तो शमला नाही. २०२३ मध्ये शासनाला ५४ जातींसाठी माशांचे किमान आकारमान ठरवून द्यावे लागले, कारण वयात न आलेली पिल्लेही बाजारात येऊ लागली होती. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा घोषित करण्यात आले. मान मिळाला खरा, पण तो दुर्मीळ होऊ लागल्यानंतर.

आता वाशीमचा विचार करू. या जिल्ह्याला समुद्र नाही. येथे मासळी म्हणजे सिंचन तलावांतले रोहू, कटला, मृगळ, आणि नशीब असेल तर मरळ. हे मासे साठलेल्या पाण्यात आपोआप वीत नाहीत. त्यांना वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन त्यांचे प्रजनन घडवले, तेव्हापासून तलावांतील मत्स्यशेतीला गती आली. आज मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, पावसाळ्यात बोटुकली सोडतात आणि पाणी ओसरू लागले की जाळी टाकतात. भोई समाजातील अनेक कुटुंबांची गुजराण यावर चालते. पाऊस हुकला, तलाव कोरडा पडला, की वर्ष बुडाले. ज्यांना मासे खायचेच आहेत, त्यांनी बर्फात दोन दिवस प्रवास करून आलेल्या पापलेटापेक्षा हा ताजा रोहू घ्यावा. पैसाही भोयाच्या घरात जाईल.

आरोग्याच्या नावाने होणारा प्रचार मात्र थोडा निवळून घ्यायला हवा. अमेरिकेतील ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या सुमारे ७३ हजार लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मांसाहाऱ्यांच्या तुलनेत मत्स्याहारी गटाचा मृत्युदर सुमारे एक-पंचमांशाने कमी आढळला. हा दाखला आता सर्रास दिला जातो. परंतु त्या पाहणीत मत्स्याहारी कोणाला म्हटले होते? महिन्यातून किमान एकदा मासा आणि अन्य मांस महिन्यातून एकदाही नाही, अशाला. त्याच्या ताटात मुख्यतः कडधान्ये, फळे, भाज्या आणि सुकामेवा होता. आपल्याकडे आठवड्यातून चार वेळा रव्यात घोळवून तळलेली सुरमई खाणारा या आकड्याचा आधार घेतो, ही गंमतच म्हणायची. माशांतील ज्या ओमेगा-३ स्निग्धाम्लांची महती गायली जाते, ती मुख्यतः बांगडा, तारली अशा तेलकट समुद्री माशांत असतात. तलावातल्या रोहूत ती तुलनेने कमी. विदर्भात पूर्वापार जवसाची चटणी खाल्ली जाते. जवसातही याच कुळातील स्निग्धाम्ल विपुल आहे, मात्र शरीर त्याचा थोडाच अंश माशांतल्या रूपात बदलू शकते. ब-१२ जीवनसत्त्व शाकाहाऱ्यांना कमी पडते, ही वस्तुस्थितीही नाकारू नये. त्यासाठी दूध-दही नियमित हवे, आणि तपासणीत कमतरता दिसली तर गोळी घ्यावी. जैन घरांनीही हे लाजेने टाळू नये.

वऱ्हाडच्या बोलीनेच या प्रश्नाचा निकाल फार पूर्वी लावून ठेवला आहे. येथे कोणी पंढरीची माळ घातली, तर 'त्यानं मांस-मच्छी सोडली' असे म्हणतात. शब्द जोडीनेच येतो. मच्छी राखून मांस सोडणारा माळकरी कोणी पाहिला नाही. कोकणची बोली वेगळी, कारण तिथला समुद्र वेगळा. दोन्ही बोली आपापल्या भूमीशी प्रामाणिक आहेत. पुण्या-मुंबईच्या फॅशनने वाशीमच्या तरुणाने कोकणचे ताट उचलावे, पण श्रावण आणि शिवराक मागे ठेवावा, यात प्रामाणिकपणा कुठे दिसतो?

हा प्रामाणिकपणा समाजाच्या व्यवहारातही लागतो, आणि खरी अडचण तिथे आहे. मुंबईत मासे खातो म्हणून मराठी कुटुंबाला घर नाकारल्याच्या तक्रारी नव्या नाहीत. २०१५ च्या त्या वादात निषेध म्हणून भररस्त्यात मांसविक्रीचे स्टॉल लावले गेले, तेही पर्युषणात. एकाने शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावायचे आणि दुसऱ्याने त्याच्या सणाच्या दिवशी नाकासमोर मांस मांडायचे, यात अहिंसा नाही आणि स्वातंत्र्यही नाही. ज्याला पंचेंद्रिय जीवाची हिंसा असह्य वाटते, त्याने ती आपल्या घरापुरती टाळावी. त्याच्या त्यागाला मान आहे. सोसायटीच्या नियमावलीत घालून तो त्याग इतरांवर लादता येत नाही. आणि जो मासे खातो, त्याने देरासराच्या वाटेवर ते मुद्दाम तळू नयेत, एवढी शेजारधर्माची जाण ठेवली तरी पुष्कळ भांडणे उभीच राहणार नाहीत.

राहिला तो नवमत्स्याहारी गृहस्थ. मटण सोडल्याने त्याचे कोलेस्टेरॉल उतरले असेल तर आनंद आहे. फक्त लग्नाच्या पंगतीत वाढप्याने विचारल्यावर त्याने 'मी शाकाहारी, मासे तेवढे चालतात' असे सांगू नये. 'मासे खातो' एवढे सांगितले की पुरे.