शिंजिराला साखरपाणी कशाला?

मंडळी, आज जरा स्पष्टच लिहिते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी परसातल्या लाल बाटलीवर आलेल्या हमिंगबर्डचा फोटो पाठवला, की इकडे बारामतीत तशीच बाटली टांगायची, हे खूळ मला अजिबात पटत नाही.

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच आढळतो. आपल्याकडे आहे तो जांभळा शिंजीर. फुलातला मध दोघेही पितात, पण दोघांचं कूळ वेगळं. हमिंगबर्ड हवेत तरंगत पितो, शिंजीर बहुधा फांदीवर बसून. त्याच्यासाठी रुई, पळस, पांगारा ही झाडं आहेतच की!

"थोड्या साखरपाण्याने काय बिघडतं?" बिघडतं. मे महिन्यात पारा ४० अंशांकडे गेला की ते पाणी आंबतं, बाटलीला बुरशी धरते. रोज घासणार कोण? हौस चार दिवसांची. त्यात वर लाल रंग मिसळणाऱ्यांपुढे तर हात जोडले! आणि पिल्लं काही साखरेवर वाढत नाहीत. त्यांना किडे, कोळी लागतात. बागेत औषध फवारायचं आणि गॅलरीत बाटली टांगायची, ही कुठली भूतदया?

नीरा डावा कालवा १८८५ सालचा. त्याच्या पाण्यावर ऊस फोफावला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, चहूकडे कारखाने. म्हणजे या मुलखात साखरेला तोटा नाही, तोटा आहे तो बांधावरच्या झाडांना. बांध कोरत कोरत आपण पळस-पांगारे घालवले. पाखराच्या पुढ्यातलं ताट ओढून घ्यायचं आणि त्याला प्लॅस्टिकमधून साखर पाजून फोटो काढायचे!

सगळं दुखणं त्या फोटोचं आहे. इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्यावरही तेच. रोहित उडतानाचा फोटो हवा, म्हणून होडी थेट थव्यात घालायला लावणारे महाभाग आहेतच. परसात शिंजिराचं लोंबतं घरटं नीट दिसावं म्हणून समोरची फांदी छाटतात. सावली जाते, कावळ्याला वाट दिसते. आत एकटी मादी अंडी उबवत असते, तिचं काय?

फोटो काढू नका असं नाही म्हणत. कुंपणाची रुई उपटू नका, एक जास्वंद लावा आणि दहा पावलं लांब बसा. फोटो उशिरा मिळेल. मिळू दे की!