समुद्राच्या शांततेचा मालक कोण?

२००१ च्या सप्टेंबरात अमेरिकेवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर तिच्या व कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील जहाजांची वर्दळ काही काळ घटली. त्याच सुमारास कॅनडाच्या फंडी उपसागरात शास्त्रज्ञ ‘राइट व्हेल’ जातीच्या देवमाशांची विष्ठा तपासणीसाठी गोळा करीत होते. रोझलिंड रोलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पाण्याखालचा गोंगाट सहा डेसिबलनी उतरला होता आणि देवमाशांच्या शरीरातील ताणाची संप्रेरकेही घटली होती. माणसांवर आकाश कोसळले, तेव्हा कोठे या प्राण्यांना उसंत मिळाली!

पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. जेथे नजर पोहोचत नाही, तेथे देवमासे आवाजाच्या आधारे एकमेकांशी संपर्क राखतात. जहाजाचा पंखा फिरताना पाण्यात असंख्य बुडबुडे उठून फुटतात. त्यांचा घोष नेमका देवमाशांच्या सादेच्या खर्जातच मिसळतो. परिणामी राइट व्हेल काही दशकांपूर्वीपेक्षा वरच्या पट्टीत साद घालू लागले आहेत. ज्याचे घर बळकावले जाते, त्यालाच ओरडून बोलावे लागते.

उत्तर अटलांटिकमध्ये ही जात आज चारशेहूनही कमी उरली आहे. जहाजांची धडक आणि मासेमारीचे दोर हे तिचे मुख्य मारेकरी होत, हे खरे. परंतु ज्याच्यावर मृत्यू असा टपला आहे, त्याच्यावर अखंड ताणाचे ओझे लादणे हा दुहेरी अन्याय नव्हे काय?

तेल सांडले तर वर्षानुवर्षे मागे उरते. आवाज मात्र थांबविताच थांबतो. बहुतेक जहाजांचा वेग उतरविला की गोंगाट उतरतो आणि इंधनही वाचते. व्हँकुव्हरच्या बंदर प्राधिकरणाने २०१७ पासून ओर्कांच्या जलमार्गात मंदगतीचा प्रयोग करून हे दाखवून दिले आहे. मग अडते कोठे? आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ साली मार्गदर्शक तत्त्वे आखली, २०२३ साली ती सुधारली; पण ती ऐच्छिकच राहिली. ऐच्छिक नियमात जो वेग आवरतो तो वेळ गमावतो आणि जो आवरीत नाही तो नफा कमावतो. शिवाय मालक एका देशाचा, निशाण दुसऱ्या देशाचे, अशा व्यवस्थेत जाब विचारायचा कोणाला?

म्हणून हे नियम बंधनकारक झाले पाहिजेत, आणि ते बंदरात येणाऱ्या प्रत्येक जहाजाला, निशाण कोणतेही असो, लागू झाले पाहिजेत. मात्र लांबलेल्या प्रवासाचा भार खलाशांच्या माथी मारता कामा नये. कोकणातील कितीतरी घरांची चूल याच नोकरीवर पेटते. इंजिनघरातील कामगाराचे कानही त्याच नफ्याच्या घाईपायी बधिर होत असतात. किंमत घाई करणाऱ्याने मोजावी, मुक्या जिवाने किंवा राबणाऱ्याने नव्हे.