‘घरी न्या, सेवा करा’, पण पुढे काय?

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात एक वाक्य वारंवार कानावर येते : ‘आता घरी न्या, सेवा करा.’ शरीरभर पसरलेला कर्करोग, निकामी यकृत, थकलेले हृदय, कारण कोणतेही असो. डिस्चार्ज कार्डावर चार गोळ्यांची नावे लिहिली जातात आणि नातेवाईक गाडी शोधायला निघतात. रुग्णालयाच्या लेखी प्रकरण संपते. घरच्यांची परीक्षा तिथून सुरू होते.

‘सेवा’ म्हणजे नेमके काय, हे त्यांना क्वचितच कोणी समजावते. रुग्णाला दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवायचे, नाहीतर पाठीला जखमा होतात. तोंड कोरडे पडले तर ओल्या कापडाने पुसायचे. अन्नावरची वासना उडाली की घास कोंबायचा नाही, कारण शरीरालाच ते झेपत नसते. शेवटच्या एक-दोन दिवसांत घशात घरघर सुरू होते, श्वास थांबत थांबत चालतो. हे अपेक्षित आहे, असे आधी कळले असेल तर माणसे हात धरून जवळ बसतात. कळले नसेल तर रात्री दोन वाजता रिक्षा करून कॅज्युअल्टी गाठतात. मग नळ्या, सुया, कधी व्हेंटिलेटर. आणि ज्याला आपल्या माणसांत शेवट हवा होता, तो अनोळखी खाटेवर जातो. या धावपळीमागे नेहमीच उपचारांचा हट्ट असतो असे नाही. अनेकदा त्या वेळी विचारायला दुसरे कोणी नसते, एवढेच.

दुसरे कारण वेदना. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फीन हे जुने, स्वस्त आणि खात्रीचे औषध. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. म्हणून दुखेपर्यंत वाट न पाहता ती घड्याळाप्रमाणे द्यायची, सोबत पोट साफ होण्याचे औषध. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फीनने मरण लवकर येत नाही. अफूची कायदेशीर लागवड करणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. तरी इथलाच रुग्ण तळमळतो. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे एका गोळीमागे अनेक परवाने लागत. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच यंत्रणेची परवानगी पुरेशी ठरली. कायदा सैल झाला, पण डॉक्टर आणि औषध दुकानदारांच्या मनातली धास्ती तशीच राहिली.

धोरणांची वानवा नाही. पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे उपशामक सेवेचा, राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ मध्ये आला. आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांच्या बारा सेवांतही ती आहे. देशातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईतच उभे राहिले. टाटा रुग्णालयाचे पथक मुंबईत रुग्णांच्या घरी जाते. पुण्यातही अशी सेवा आहे. अडचण आहे ती शहराबाहेर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात गरजूंपैकी जेमतेम १४ टक्क्यांना ही सेवा मिळते. केरळने २००८ मध्ये धोरण आखून ती स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवली. तिथे प्रशिक्षित नर्स, आशा कार्यकर्ती आणि गावातले स्वयंसेवक घरोघर जातात. यासाठी मोठी इमारत लागत नाही. लागते ती ठरलेल्या दिवशी येणारी नर्स, जवळच्या रुग्णालयात मॉर्फीन आणि रात्री उचलला जाणारा फोन.

एक अडचण मृत्यूनंतरचीही. घरी मृत्यू झाला तर कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचे असते. रुग्णाला महिनोन्‌महिने कोणी डॉक्टरने पाहिलेच नसेल, तर ते देणार कोण? या कागदाच्या काळजीनेही काही कुटुंबे अखेरच्या घटकेला रुग्णालयाकडे वळतात. गृहभेटीची नियमित नोंद असेल तर ही काळजी मिटते.

या सगळ्याचा भार बहुधा घरातल्या एका बाईवर पडतो. पत्नी, सून किंवा मुलगी. तिची झोप जाते, मजुरी बुडते आणि नंतर ‘मी कमी पडले का?’ हा प्रश्न तिलाच छळतो. तिला चार तास विश्रांती मिळावी म्हणून कोणी येऊन बसणे आणि मृत्यूनंतर पंधरा दिवसांनी कोणी तिची विचारपूस करणे, हाही उपचाराचाच भाग आहे.

तोपर्यंत कुटुंबांनी डिस्चार्जपूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. दुखणे वाढले तर काय द्यायचे? मॉर्फीन कुठे मिळेल? पुढे कोणती लक्षणे दिसतील? गावातला कोणता डॉक्टर घरी येऊन पाहील? रात्री फोन कोणाला करायचा? आणि डॉक्टरांनी ही उत्तरे गोळ्यांच्या नावांखाली लिहून द्यावीत. ‘सेवा करा’ म्हणणाऱ्या व्यवस्थेने निदान एक फोन नंबर तरी त्या कार्डावर लिहायला हवा.